कामावर अपघात झालाय: भरपाईसाठी वकील कसा शोधायचा आणि त्याचे पैसे कसे ठरवायचे

प्रेसखाली बोटं गेली, परांचीवरून माणूस खाली आला, किंवा घरचा कमावता साइटवरच गेला, की आठवड्याभरात दोन जण हमखास भेटायला येतात. एक ठेकेदाराचा माणूस. हातात पन्नास हजारांची पुडकी आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला मजकूर: ‘माझी काही तक्रार नाही.’ दुसरा हॉस्पिटलच्या आवारात घुटमळणारा: ‘आत्ता एक रुपया देऊ नका, आपले वकील आहेत, मिळालं की पंचवीस टक्के.’ दोघांनाही चहा पाजा आणि सही न करता परत पाठवा. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. तुमच्या हातात दावा दाखल करायला दोन वर्षं आहेत.

हा लेख महाराष्ट्रातल्या कामगारासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातही बराचसा लागू पडेल.

आधी बघा, वकील लागतो का

पगाराची स्लिप काढा. त्यात ‘ईएसआय’ म्हणून कपात दिसते का? दिसत असेल, म्हणजे पगारातून पाऊण टक्का जात असेल, तर तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत आहात आणि मालकावर भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. पैसे ईएसआय महामंडळ देतं. कामावर येता येत नाही त्या काळात पगाराच्या साधारण नव्वद टक्के आणि कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पेन्शन. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना असेल तर बहुधा तुम्ही याच खात्यात मोडता. मालकाने वर्गणी भरली नाही, नाव नोंदवलं नाही, हे कारण चालत नाही. ती वसुली महामंडळाने मालकाकडून करायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगून ठेवलंय. इथे सुरुवातीला वकिलाची गरज नसते. शाखा कार्यालयात अपघाताचा अहवाल गेला का, ते बघायचं. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व फारच कमी धरलं किंवा महामंडळाने हात वर केले, तर मग वकील.

ईएसआय नसेल, म्हणजे सहा-सात माणसांची शेड, बांधकाम साइट, ट्रक, बोअरवेलची गाडी, अशा ठिकाणी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा, नंतरचा असेल तर संहिता. हिशेबाचा सांगाडा मात्र तोच ठेवलाय. वकिलाला भेटाल तेव्हा पहिल्याच वाक्यात अपघाताची तारीख सांगा. तारीख न विचारता जो कलमं म्हणू लागतो त्याच्यापासून सावध राहा.

ट्रक ड्रायव्हर, क्लीनर यांच्यासमोर आणखी एक फाटा असतो. रस्त्यावर कामाच्या वेळी अपघात झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जाता येतं किंवा या कायद्याखाली. दोन्हीकडे नाही. समोरच्या गाडीची चूक स्पष्ट असेल तर न्यायाधिकरणात रक्कम बहुधा जास्त निघते. चूक तुमचीच असेल, तर हा कायदा बरा, कारण इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ही निवड एकदाच होते, म्हणून या एका प्रश्नासाठी तरी वकिलाचा सल्ला पैसे देऊन घ्यावा असं माझं मत आहे.

हिशेब आधी स्वतः मांडा

वकिलाच्या ऑफिसात जाण्याआधी तुमचा आकडा तुम्हाला माहीत हवा. फी महाग की स्वस्त हे त्याशिवाय कळणार कसं? आणि हे गणित न्यायाधीशाच्या मर्जीवर नसतं, ते कायद्यात लिहिलेलं आहे.

मृत्यू झाला तर मासिक वेतनाचे ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक. वेतन कितीही असलं तरी ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपयेच धरतात. गुणक तक्त्यात आहे: वय २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९.

समजा भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये तीस वर्षांच्या कामगाराची पॉवर प्रेसवर एका हाताची दोन बोटं गेली. पगार १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले २०७.९८ केले की १८,७१,८२०. कोणत्या इजेला किती टक्के अपंगत्व हे कायद्याच्या परिशिष्टात दिलंय, त्यात दोन बोटांना २० टक्के आहेत, म्हणून ३,७४,३६४ रुपये. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, चार बोटं गेली तर ५०. पस्तिशीतला माणूस गेला असेल तर ७,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४,७७,९५०.

यावर महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. उपचाराचा खर्च वेगळा. मालकाची विमा पॉलिसी असेल तर मूळ रक्कम आणि व्याज विमा कंपनी देते. दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे तडजोडीच्या वेळी मालकाला त्याचीच जास्त धास्ती असते.

मग वकील कुठे लागतो? तर टक्क्यांत. परिशिष्ट दोन बोटांना २० म्हणतं, पण प्रश्न असतो कमावण्याची ताकद किती गेली याचा. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं. डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाने एवढ्याला शंभर टक्के मिळत नाहीत. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांनी अपंगत्व पूर्ण धरलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. तुमच्या कामात ती दोन बोटं म्हणजे काय होतं, हे डॉक्टरच्या साक्षीतून काढून घेणं ही वकिलाची खरी कमाई. दुसरी अडचण वेतनाची. मालक कागदावर ८,००० दाखवतो. चांगला वकील पासबुक, फोनवर आलेले पैसे आणि किमान वेतनाची अधिसूचना पुढे ठेवतो. आणि तिसरी, ‘हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे’. याला कायद्यातच उत्तर आहे, मुख्य मालकालाही, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्यालाही, जबाबदार धरता येतं. मात्र त्यासाठी दाव्यात दोघांनाही पक्षकार करावं लागतं.

कागद गोळा करा

सर्वांत आधी डिस्चार्ज कार्ड वाचा. शब्द न् शब्द. मालकाचा माणूस जखमीला खासगी दवाखान्यात नेतो आणि केसपेपरवर लिहून घेतो: ‘घरी पाय घसरून पडला.’ जखमी शुद्धीवर नसतो, बायको घाबरलेली असते, तिच्याकडून सही घेतात. दोन वर्षांनी उलटतपासात विमा कंपनीचा वकील तेवढंच वाक्य वाचून दाखवतो. असं लिहिलेलं दिसलं तर लगेच दवाखान्याला लेखी अर्ज द्या, पोलीस ठाण्यात जबाब नोंदवा, शक्य असेल तर सरकारी रुग्णालयात जाऊन एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करून घ्या.

बाकीचं सांगायला सोपं, जमवायला कटकटीचं: आधार कार्ड, कारण गुणक वयावर ठरतो. पासबुक. हजेरीचा फोटो, गेटपास, सुपरवायझरचे मेसेज, कामावरच्या ग्रुपमधले फोटो. सोबत असलेल्या दोन जणांची नावं आणि त्यांचे गावाकडचे नंबर, कारण ठेकेदार त्यांना लवकरच दुसऱ्या साइटवर पाठवतो. मशीनचा फोटो, त्याला संरक्षक गार्ड बसवलेला नसेल तर नक्की. एक्स-रे, औषधांची बिलं, जिल्हा रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला.

मालकाला लेखी नोटीस पाठवा, पोचपावतीसह. आणि मालक ‘बघू, देऊ’ म्हणत राहिला तरी दोन वर्षांची मुदत चालूच असते हे ध्यानात ठेवा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यासाठीही वेगळा अर्ज आणि वेगळी भांडणं.

शोधायचा कुठे

जाहिरात पाहून वकील शोधू नका. वकिलाला जाहिरात करायला वकील परिषदेच्या नियमांनी बंदी आहे, आणि दवाखान्यात माणसं पेरून केसेस गोळा करणं त्याच बंदीत येतं. त्या दलालाला त्याचा वाटा मिळतो, तो शेवटी तुमच्याच पैशातून.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग जुना आहे. एक सकाळ न्यायालयात जाऊन बसायचं. महाराष्ट्रात ही प्रकरणं आयुक्त म्हणून काम बघणाऱ्या कामगार न्यायालयाच्या किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. मुंबईत त्यासाठी वांद्र्याला जावं लागतं. दारावर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, वाचा. कोणता वकील कामगाराच्या बाजूने उभा राहतो, कोण विमा कंपनीच्या, कोण स्वतः येतो आणि कोण ज्युनिअरला पाठवून नुसती तारीख घेतो, हे दोन तासांत दिसतं. शिरस्तेदार कुणाचं नाव सुचवणार नाही, आणि सुचवलं तर जपून. बाहेर बाकावर बसलेल्या कामगारांना विचारा: तुमचं कुणाकडे आहे, किती वर्षं झाली, फोन उचलतात का? एवढं बोर्डावरून कळत नाही.

नाव मिळालं की ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने शोधता येतं. भरपाईचे दावे त्यांच्या नावावर आहेत का, निकालापर्यंत गेलेत का, ते पाहा. सनद नंबरही विचारा. इकडच्या वकिलांची नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे असते आणि नंबर ‘एमएएच’ने सुरू होतो. विचारल्यावर कुणाला राग आला तर तीही एक माहितीच.

दुसरी जागा कामगार संघटना. सिटू, आयटक, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ यांची ऑफिसं औद्योगिक पट्ट्यात असतात. तुम्ही सभासद नसाल तरी विचारून बघा. लेखी अधिकार दिला तर नोंदणीकृत संघटनेचा पदाधिकारी तुमच्या वतीने आयुक्तांपुढे उभा राहू शकतो, हे कायद्यातच आहे. सरळसोट प्रकरणात, म्हणजे मालक अपघात मान्य करतो आणि वाद फक्त आकड्याचा आहे तिथे, जुना मुरलेला कार्यकर्ता नवख्या वकिलाला भारी पडतो. लिहिता-वाचता येत नसेल तर अर्ज आयुक्तांच्या देखरेखीखाली तयार करून मागण्याचाही हक्क आहे. तो हक्क फारसं कुणी मागत नाही.

सरकारी खर्चाचा वकील

विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणजे साइटवर गेलेल्या माणसाच्या बायकोला ती बाई आहे एवढ्यावर वकील मिळतो, आणि बोटं गेलेल्याला अपंगत्वाच्या दाखल्यावर. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका समिती. फोन १५१००.

लोक म्हणतात, फुकटचा वकील लक्ष देत नाही. काही देत नाहीत, हे खरं. पण पॅनेलवरचा वकील बदलून मागता येतो, आणि त्याने तुमच्याकडे पैसे मागितले तर तक्रार त्याच ऑफिसात करता येते. घरात रोकड नसताना पंचवीस टक्क्यांवर सही करण्याआधी हे दार नक्की ठोठवा.

पहिली भेट

कागदांच्या झेरॉक्स घेऊन जा, मूळ प्रती नाही. घरातलं एक लिहिणारं माणूस बरोबर असू द्या. आणि हे विचारा: ‘साहेब, तुम्ही या मालकाचं किंवा कुठल्या विमा कंपनीचं काम करता का?’ विमा कंपन्यांच्या पॅनेलवर बरेच वकील असतात. त्यात वाईट काही नाही, पण तुमच्याविरुद्ध जी कंपनी उभी राहणार तिच्याच पॅनेलवर असतील तर नको. मग विचारा, पक्षकार कुणाकुणाला करणार? मालक, ठेकेदार, मुख्य मालक, विमा कंपनी ही चार नावं त्यांच्या तोंडून यायला हवीत. डॉक्टरची साक्ष कोण काढणार? तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर?

‘कामावर जाताना अपघात झाला, मग केस होत नाही’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर दुसऱ्याला विचारा. धाराशिवकडचा साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना रस्त्यात गेला. आयुक्तांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश परत कायम केला. जाण्याची वेळ, रस्ता आणि काम यांचा धागा जुळत असेल तर अपघात कामातलाच धरायचा. या प्रकरणाला बावीस वर्षं लागली हेही विसरू नका. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावावा असं आहे, आणि ‘सहा महिन्यांत करून देतो’ म्हणणारा वकील बहुधा तेवढंच वाचून आलेला असतो.

फी: टक्के नाही, टप्पे

निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळालेल्या पैशात हिस्सा घेणं भारतातल्या वकिलाला मना आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा तसा नियमच आहे. सिनेमात बघतो तसली ‘जिंकलो तरच फी’ अमेरिकेत चालते, इथे तो गैरव्यवहार ठरतो. प्रत्यक्षात सर्रास चालतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून आकडाच बघा. वरच्या दोन बोटांच्या उदाहरणात पंचवीस टक्के म्हणजे ९३,५९१ रुपये. मृत्यूच्या उदाहरणात ३,६९,४८७. दोन्हीकडे वकिलाचं काम जवळपास सारखंच.

तेलंगणातल्या एका बाईंचा नवरा रस्ता अपघातात गेला. भरपाई मिळाल्यावर त्यांनी वकिलाला दहा लाख दिले. वकिलाने सोळा टक्क्यांच्या हिशेबाने आणखी तीन लाखांचा चेक लिहून घेतला आणि तो न वटल्यावर त्यांच्यावरच केस घातली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती केस रद्द केली. टक्केवारीवरची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, तिच्या जोरावर चेकची केस चालत नाही. तुमच्याकडून टक्केवारीचा कागद आधीच लिहून घेतला असेल, तर घाबरून जाण्याची गरज नाही ती यामुळे.

मग कसं ठरवायचं? एकूण रक्कम ठरवा आणि ती कामाच्या टप्प्यांवर तोडा: दावा दाखल झाल्यावर एक भाग, तुमची आणि डॉक्टरची साक्ष झाल्यावर दुसरा, युक्तिवाद झाल्यावर तिसरा. वसुलीचं काम यात धरलंय की वेगळं, हे आत्ताच विचारा, कारण निकाल हातात येऊनही मालक पैसे भरत नाही तेव्हा जमीन महसुलासारखी वसुली लावायला पुन्हा अर्ज आणि खेटे. टायपिंग, झेरॉक्स, नोटिसा, डॉक्टरचा साक्षीचा खर्च हे फीमध्ये नसतं, त्याचा अंदाज वेगळा घ्या. दोन-तीन वकिलांकडे विचारलं की तुमच्या गावचा भाव कळतो.

हातात पैसे नसतील तर तसं स्पष्ट सांगा. ठरलेली रक्कम हप्त्याने किंवा निकालानंतर घ्यायला वकील तयार असेल तर त्यात गैर नाही. मात्र ती रक्कम निकाल विरुद्ध गेला तरी द्यावी लागते. हे सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी, आणि प्रत्येक रकमेची पावती. रोख नकोच, खात्यावर पाठवा. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर देणं वकिलावर बंधनकारक आहे.

वकीलपत्रावर सही करताना कोरा कागद, कोरा चेक, पासबुक यातलं काहीही देऊ नका. ‘प्रोसिजर आहे’ म्हणाले तरी नाही.

तडजोड आणि पैसे हातात येताना

हक्क सोडल्याचा करार कायद्याने मुळातच रद्दबातल आहे, त्यामुळे त्या पाचशेच्या स्टॅम्पवर कुणी आधीच सही केली असली तरी दावा होतो. तडजोड करायचीच तर ती आयुक्तांकडे नोंदवून. तडजोडीची पुरसिस, म्हणजे आयुक्तांपुढे द्यायचं लेखी निवेदन, मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही नाही. मूळ रक्कम, व्याज, उपचाराचा खर्च असे तीन आकडे वेगळे दिसले पाहिजेत. नुसती ‘एकूण’ रक्कम असेल तर व्याज सोडून दिलेलं असतं.

मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम सोडली तर घरच्यांना हातात दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत. आयुक्त ते वारसांमध्ये वाटतात. भरपाईच्या रकमेवर कुणाचा बोजा चढत नाही की जप्ती येत नाही, सावकाराचीही नाही. तेव्हा पैसे तुमच्याच खात्यावर यायला हवेत. ‘माझ्या खात्यावर घेतो आणि फी वळती करून देतो’ हा प्रस्ताव नाकारा.

वकील बदलायचा झाला तर

चार तारखा झाल्या, साक्ष निघाली नाही, फोन उचलत नाहीत. आधी एक लेखी पत्र द्या. मग नवा वकील. जुन्याची ‘ना हरकत’ मागायची रीत आहे आणि चांगले वकील ती देतात. अडवून धरली तर आयुक्तांकडे अर्ज करा. फी बाकी आहे म्हणून फाइल दाबून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच तसं सांगितलंय. बाकी फीचा वाद त्यांनी वेगळा मांडावा, कागद आधी परत. पैसे खाल्ले, दुसऱ्या बाजूला मिळाले असं काही घडलं तर तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे.

निकालानंतर मालक उच्च न्यायालयात गेला तर फीचा कागद नव्याने करावा लागेल, आणि वकीलही बहुधा वेगळा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला भरणाऱ्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमुळे मुंबई गाठावी लागत नाही. मालकाला अपील करण्याआधी निकालाची रक्कम आयुक्तांकडे भरावीच लागते. ती भरल्याचं प्रमाणपत्र अपिलाला जोडलंय का, हे नव्या वकिलाला पहिल्याच दिवशी तपासायला सांगा.